निकाल दिल्लीचा, पट्टी केडगावची

लोकसभेचा २०२४ चा निकाल कधीच लागला, तरी एक प्रश्न अजून पत्रांतून येतो, जुम्याच्या नमाजानंतर चपला घालता घालता विचारला जातो आणि लग्नाच्या जेवणातही निघतो. एवढ्या उन्हात रांगा लावून मत दिले, त्याने झाले काय? काहींचा सूर वैतागाचा असतो, काहींना खरोखरच जाणून घ्यायचे असते. "सरकार तेच, पंतप्रधान तेच" एवढे बोलून विषय संपवणारेही असतात. माझ्या मते तो इतक्या लवकर संपत नाही. मात्र त्याचे उत्तर टीव्हीवरच्या आरडाओरड्यात सापडायचे नाही. त्यापेक्षा पुणे जिल्ह्यातले शिरूर आणि दौंड हे दोन तालुके घेऊन पाहू.

हे दोनच का? दोघे सख्खे शेजारी. मधून भीमा वाहते, अलीकडे शिरूर आणि पलीकडे दौंड. पिके तीच, ऊस आणि कांदा. पाहुणेरावळे दोन्हीकडे. तरीही लोकसभेला शिरूर तालुका शिरूर मतदारसंघात आणि दौंड तालुका बारामतीत. २०२४ साली बारामतीचे मतदान ७ मेला झाले, शिरूरचे १३ मेला. शिरूरला डॉ. अमोल कोल्हे निवडून आले, बारामतीत सुप्रिया सुळे. दोघेही आधीपासूनचे खासदार. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली, घड्याळ अजित पवारांकडे गेले आणि हे दोघे तुतारीवर लढले. शिरूरला समोर शिवाजीराव आढळराव पाटील होते, बारामतीला सुनेत्रा पवार. दोन्हीकडे फरक लाखाच्या वर राहिला.

आता कांदा. पाबळ-केंदूरच्या पट्ट्यात असो की दौंडच्या केडगाव बाजारात, कांदा हा आपल्याकडे नुसत्या शेतकऱ्याचा विषय नाही. आडतीवर बसणारे बागवान आहेत, टेम्पो चालवणारी आपली पोरे आहेत, मापाडी-हमाल आहेत आणि चाळीत कांदा निवडायला बसणाऱ्या बायका आहेत. कांद्याचा दर पडला की यातल्या प्रत्येकाच्या घरातले काहीतरी पुढे ढकलले जाते, कोणाची फी तर कोणाचे लग्न.

केंद्राने काय केले ते क्रमाने पाहू. १९ ऑगस्ट २०२३ ला कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरच्या खाली कांदा बाहेर पाठवायचा नाही असे ठरले. ८ डिसेंबरला सरळ निर्यातबंदी आली, ३१ मार्चपर्यंत म्हणून. मार्चमध्ये ती आणखी वाढवली. ही सगळी काळजी शहरातल्या ग्राहकाची होती, आणि ती खोटी म्हणता येणार नाही. पुण्या-मुंबईत राहणारे आपलेच वाचक तेव्हा महाग कांद्याबद्दल कुरकुरत होते. पण शहरातल्या स्वयंपाकघराचा खर्च ज्याच्या चाळीतून वसूल केला गेला, त्याला कोणी विचारले नव्हते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कोल्ह्यांनी शिवनेरीपासून पुण्यापर्यंत शेतकरी आक्रोश मोर्चा काढला, त्यात ही बंदी पहिल्या ओळीत होती.

नंतरच्या तारखा लक्ष देऊन वाचा. बंदी उठली ती ४ मे २०२४ ला, म्हणजे दौंडचे मतदान तीन दिवसांवर असताना. उठली तीही अर्धीच. किमान दर टनाला ५५० डॉलर आणि वर ४० टक्के शुल्क. हिशोब केला तर बंदरावर किलोला चौसष्ट रुपयांच्या आसपास पडणारा कांदा परदेशातल्या कोणत्या व्यापाऱ्याने घ्यावा? पाकिस्तानचा कांदा त्याच्या दाराशी स्वस्तात येत होता. लोकांना ही सवलत कळली आणि तिचा अर्थही कळला.

४ जूनला निकाल लागला. महाराष्ट्रात ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला, १७ महायुतीला. कांद्याच्या पट्ट्यात दिंडोरीला केंद्रातल्या राज्यमंत्री भारती पवार पडल्या आणि भास्कर भगरे नावाचे शिक्षक निवडून आले. शिरूरच्या शेजारी नगरला सुजय विखे पडले. धुळ्याला शोभा बच्छाव अवघ्या ३,८३१ मतांनी निवडून आल्या. तिथे मालेगाव मध्यने काय केले हे आपल्या वाचकांना सांगायला नको. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनीही निकालानंतर कांद्याने फटका दिल्याचे कबूल केले.

त्यानंतर १३ सप्टेंबर २०२४ ला किमान दराची अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आले. राज्यात विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. १ एप्रिल २०२५ पासून उरलेले शुल्कही गेले. म्हणून मत देऊन काही झाले नाही असे जो म्हणतो, त्याला मी या दोन तारखा दाखवतो. सरकार तेच होते, पण ज्या टेबलावर कांद्याची फाइल होती तिथे दिंडोरीची आठवण पोहोचली होती.

याचा अर्थ केडगावच्या पट्टीवर लगेच चांगला आकडा आला असा नाही. आपल्या कांद्याच्या मोठ्या गिऱ्हाइकांत बांगलादेश आहे. तिथे ५ ऑगस्ट २०२४ ला शेख हसीनांना देश सोडावा लागला. पुढे तिथल्या नव्या कारभाराने आपल्या शेतकऱ्यांचा कांदा आधी विकला जावा म्हणून आयातीच्या परवान्यांना चाप लावला. इकडे शुल्क शून्यावर आले आणि तिकडचे दार निम्मे मिटले, त्यात उत्पादनही भरपूर. २०२५ मध्ये कांद्याने रडवले ते यामुळे. गिऱ्हाईक वर्षानुवर्षे बांधून ठेवावे लागते. दर दोन-चार महिन्यांनी बंदी-शुल्क-बंदी असा खेळ केला की समोरचा देश आपल्याच रानात कांदा लावायला शिकतो. ते नुकसान कुठल्याही निवडणुकीने एका झटक्यात भरून येत नाही.

उसाचे थोडक्यात सांगतो. ७ डिसेंबर २०२३ ला, म्हणजे कांदाबंदीच्या आदल्याच दिवशी, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने बंधन घातले, आठवड्याभरात थोडे सैल केले आणि निकालानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये उठवले. साखरेचा किमान विक्रीदर मात्र फेब्रुवारी २०१९ पासून २०२५ मध्येही ३१ रुपयेच होता. याच काळात उसाची एफआरपी क्विंटलला २७५ वरून ३५५ रुपयांवर गेली. मधला फरक कारखान्याने कुठून आणायचा हे कोणी सांगत नाही, आणि मग उसाचे बिल थकले की शेतकरी कारखान्याच्या दारात बसतो. ज्याच्याशी भांडायचे तो दिल्लीत असतो, आणि दारात भेटतो तो अध्यक्ष.

आता आपल्या वाचकांना जास्त सलणारी गोष्ट. भाजपला ३०३ वरून २४० जागांवर यावे लागले. बहुमताला २७२ लागतात. तेलुगू देसम आणि नितीश कुमारांचा जनता दल हे टेकू लागले. निकालाच्या रात्री आपल्यातले बरेच जण म्हणाले, आता आपल्या विरोधातले कायदे येणार नाहीत. मग ८ ऑगस्ट २०२४ ला वक्फ दुरुस्ती विधेयक लोकसभेत आलेच.

इथे ३०३ आणि २४० यांतला फरक बारकाईने पाहायला हवा. २०२० मध्ये शेतीचे तीन कायदे समितीकडे न पाठवता मंजूर झाले होते. वक्फ विधेयक मात्र त्याच दिवशी संयुक्त संसदीय समितीकडे गेले. जगदंबिका पाल अध्यक्ष होते. विरोधी सदस्यांच्या दुरुस्त्या तिथे फेटाळल्या गेल्या, सत्ताधाऱ्यांच्या १४ स्वीकारल्या गेल्या. हे वाचून समितीला नाटक म्हणावेसे वाटते. तरी एक बदल महत्त्वाचा झाला. वापराने वक्फ झालेल्या, म्हणजे दस्त नाही पण पिढ्यान्‌पिढ्या कब्रस्तान, ईदगाह, दर्गा म्हणून वापरात आहेत अशा जागा, आधीच नोंदल्या गेल्या असतील आणि वादात किंवा सरकारी दाव्यात नसतील तर वक्फच राहतील, असे ठरले. हा आग्रह मित्रपक्षांचा होता. ज्यांच्या खांद्यावर सरकार होते त्यांनी विधेयक थांबवले नाही, एक कलम हलवले. एप्रिल २०२५ मध्ये लोकसभेत २८८ विरुद्ध २३२ आणि राज्यसभेत १२८ विरुद्ध ९५ मतांनी ते मंजूर झाले. त्याच मित्रपक्षांनी जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात अमरावतीसाठी १५ हजार कोटींची सोय आणि बिहारच्या रस्त्यांसाठी २६ हजार कोटी पदरात पाडून घेतले होते. टेकू देणारा काय मागतो हे त्याच्या मतदारावर ठरते. आंध्र-बिहारच्या मतदाराने आधी पैसा आणि रस्ता मागितला. यात मला त्यांचा राग येत नाही, आपल्याला मात्र ओळखीच्या दुकानदाराकडून न मागता उधारी मिळेल असे वाटत होते, याचे नवल वाटते.

आणि महाराष्ट्राने निवडलेल्या ४८ जणांत एकही मुस्लिम नाही. महाविकास आघाडीने ४८ पैकी एकाही जागेवर मुस्लिम उमेदवार दिला नव्हता. २००४ मध्ये कुलाब्यातून अंतुले निवडून आले होते, २०१९ मध्ये औरंगाबादहून इम्तियाज जलील, आणि २०२४ मध्ये तेही पडले. ज्यांना आपण हात उघडा ठेवून मते दिली त्यांनाच हा प्रश्न विचारायचा असतो. तो आपण विचारला का?

निकालाचा आणखी एक परिणाम आपल्या घरातल्या बायकांच्या हाती पडला, तोही रोख. ४ जूनला महायुतीला दणका बसला आणि २८ जूनला राज्याच्या अर्थसंकल्पात मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली. महिन्याला १,५०० रुपये, वर्षाला ४६ हजार कोटींची तरतूद. ऑगस्टमध्ये दोन महिन्यांचे तीन हजार खात्यावर जमा झाले. मोहल्ल्यातल्या बँकेपुढच्या रांगेत बुरखे आणि नऊवारी एकत्र उभ्या होत्या. नोव्हेंबरमध्ये विधानसभेला शिरूरने अजित पवारांच्या पक्षाचे ज्ञानेश्वर कटके निवडले, दौंडने भाजपचे राहुल कुल तिसऱ्यांदा. सहा महिन्यांत मतदार फिरला म्हणून त्याला कोणी बिनभरवशाचे ठरवू नये. जूनमध्ये त्याने कांद्याचे मत दिले, नोव्हेंबरमध्ये दीड हजाराचे. मला वाटते त्याने दोन्ही वेळा आपल्यापुरता हिशोब नीट केला. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी करायला सांगितले गेले, तेव्हा दोन महिन्यांची मुदत होती. 

यवतबद्दल लिहायला हात जड होतो. दौंड तालुक्यातले हे गाव. २६ जुलै २०२५ ला तिथे छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याची विटंबना झाली. ज्याने केली त्याचा धिक्कार करताना आपल्याला जराही अडखळायला नको. १ ऑगस्टला समाजमाध्यमावरच्या एका पोस्टवरून जमाव भडकला, जाळपोळ झाली, पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला आणि जमावबंदी लागली. जमावबंदीच्या आदेशात कलम होते १६३. जुन्या माणसांनी विचारले, एकशे चव्वेचाळीस कुठे गेले?

ते गेले डिसेंबर २०२३ मध्ये. १३ डिसेंबरला संसदेत घुसखोरी झाली, विरोधकांनी गृहमंत्र्यांचे निवेदन मागितले आणि त्या गोंधळात जवळजवळ दीडशे खासदार निलंबित झाले. १९ डिसेंबरला निलंबित झालेल्यांत सुप्रिया सुळे आणि अमोल कोल्हे दोघेही होते. दुसऱ्याच दिवशी लोकसभेने आणि त्याच्या पुढच्या दिवशी राज्यसभेने भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी तीन नवे कायदे मंजूर केले. म्हणजे यवतच्या आणि शिरूरच्या माणसाला अटक कशी होईल, कोठडी किती दिवसांची, तक्रार कशी नोंदवायची, हे ठरवताना या दोन्ही तालुक्यांचे खासदार सभागृहाबाहेर होते. १ जुलै २०२४ पासून हे कायदे लागू आहेत. खुनाचे तीनशे दोन आता एकशे तीन झाले, फसवणुकीचे चारशे वीस आता तीनशे अठरा. तक्रार नोंदवायला गेलात तर तीन ते सात वर्षे शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस आधी १४ दिवसांपर्यंत प्राथमिक चौकशी करू शकतात, ही नवी तरतूद माहीत असू द्या. पूर्वीसारखे लगेच एफआयआर होईल असे धरून चालू नका. कायदा दिल्लीचा असला तरी पोलीस राज्याचे असतात. यवतला पोलीस वेळेत पोहोचले की नाही, खोटी पोस्ट पुढे ढकलणाऱ्यावर गुन्हा दाखल झाला की नाही, याचा जाब खासदाराला नव्हे, गृहखात्याला आणि आमदाराला विचारायचा असतो. नोव्हेंबरचे मत त्यासाठी होते.

राहिले परराष्ट्र धोरण. गाझाबद्दल आपल्या घराघरांत जेवढे बोलले गेले तेवढे क्वचितच कशाबद्दल बोलले गेले असेल. भारताने १९८८ मध्ये पॅलेस्टाईनला मान्यता दिली, १९९२ मध्ये इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले. १२ जून २०२५ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्धबंदीच्या ठरावाला १४९ देशांनी पाठिंबा दिला तेव्हा भारत तटस्थ राहिला. १२ सप्टेंबरला दोन राष्ट्रांच्या तोडग्याच्या घोषणेला १४२ देशांनी पाठिंबा दिला, तेव्हा भारत त्यांच्यात होता. तीन महिन्यांत लोकसभेतला एकही आकडा बदलला नव्हता. बदलले होते बाहेरचे जग. त्या ठरावामागे फ्रान्स आणि सौदी अरेबिया उभे होते. माझे म्हणणे असे, की ४ जूनच्या निकालाने कांद्याचे शुल्क हलवले, वक्फचे एक कलम हलवले, पण न्यूयॉर्कमधले आपले बटन हलवले नाही. टेकू देणाऱ्या पक्षांपैकी कोणीही गाझासाठी सरकारला अडवले नाही. परराष्ट्र धोरणावर आपल्याकडे मते पडत नाहीत आणि मते पडत नाहीत तिथे मंत्री निवांत असतो.

तरी एक वेगळी गोष्ट घडली, तीही दौंडच्या खासदारांबाबत. एप्रिलमध्ये पहलगाममध्ये निरपराध पर्यटकांना मारले गेले, मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर झाले, आणि भारताची बाजू मांडायला सर्व पक्षांच्या सात शिष्टमंडळांना परदेशी पाठवण्यात आले. त्यातल्या एकाच्या प्रमुख विरोधी बाकावरच्या सुप्रिया सुळे होत्या. ते शिष्टमंडळ कतार, दक्षिण आफ्रिका, इथिओपिया आणि इजिप्तला गेले. सौदी, कुवेत, बहरीन आणि अल्जीरियाला गेलेल्या दुसऱ्या शिष्टमंडळात असदुद्दीन ओवेसी होते. एकपक्षीय जोरात चाललेल्या आधीच्या दहा वर्षांत असे चित्र दिसले नव्हते. आखाती देशांत आपली कितीतरी माणसे कामाला आहेत. तिथल्या राजधान्यांत भारताचे म्हणणे ओवेसींसारख्या माणसाच्या तोंडून जाते, याला त्या माणसांच्या रोजच्या जगण्यात किंमत आहे. गृहमंत्रालयाच्या वागण्यात त्याचे प्रतिबिंब मला अजून दिसलेले नाही, हेही लिहून ठेवतो.

सगळ्यांत जवळचे मत तर २०२५ मध्ये अजून द्यायचेच होते. पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तेव्हापासून २०२५ मध्येही तिथे प्रशासकच होता. गावातला रस्ता, शाळेची खोली, दवाखान्यातली नर्स, कब्रस्तानची संरक्षक भिंत, यांसाठी ज्याची कॉलर धरायची तो सदस्यच साडेतीन वर्षे जागेवर नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा ३१ जानेवारी २०२६ पर्यंत निवडणुका उरकायला सांगितल्या होत्या. मतदार यादीत आपले, सुनेचे आणि नुकत्या अठरा पूर्ण झालेल्या पोराचे नाव आहे का ते पाहत राहा.

त्याहून तातडीचे काम वक्फच्या नोंदीचे होते. सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२५ ला कायद्यातल्या काही तरतुदींना स्थगिती दिली. वक्फ करणारा पाच वर्षे इस्लाम पाळणारा हवा ही अट नियम होईपर्यंत थांबली आणि सरकारी अधिकाऱ्याच्या अहवालावर जागेची महसुली नोंद बदलण्याचा अधिकारही थांबला. नोंदणीची सक्ती मात्र कायम राहिली. ६ जून २०२५ ला सुरू झालेल्या उमीद पोर्टलवर माहिती भरण्याची मुदत डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यापर्यंत होती. पोर्टलवर माहिती मुतवल्लीने भरायची, वक्फ बोर्डाने तपासायची आणि मग मंजुरी, अशा तीन पायऱ्या आहेत. शिरूर-दौंडच्या खेड्यांतल्या लहान दर्ग्यांच्या आणि मुलाणी इनामांच्या जागांची मोठी अडचण कागदाची आहे. सातबाऱ्यावर इतर हक्कात काय लिहिले आहे ते आधी पाहा, जुने फेरफार ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून काढून घ्या, औकाफच्या राजपत्रातल्या यादीत गावाचे नाव आणि क्षेत्र तपासा, चतुःसीमा आणि मोजणीचा नकाशा सोबत ठेवा. मुतवल्ली वारले असतील आणि नवीन नेमणूक झाली नसेल तर तो अर्ज वक्फ बोर्डाकडे आजच द्यावा लागेल, कारण पोर्टलवर खाते उघडायला त्यांचाच मोबाइल नंबर लागतो.